टेरॅनोडॉनचं प्लास्टिक मॉडेल: धड ठेवा, पंख बदला

पंख पसरलेला टेरॅनोडॉन (टेरोसॉर म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांपैकी एक), पारदर्शक दांडीवर बसवलेला, पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत 40 सेंटिमीटर. भरीव पीव्हीसी, वर हाताने दिलेला रंग, उघडमीट होणारा खालचा जबडा. खोक्यावर ‘शास्त्रीयदृष्ट्या अचूक’ असं ठळक छापलेलं. या धर्तीची मॉडेलं निरनिराळ्या नावांखाली विकली जातात आणि त्यांतल्या चुकाही बऱ्याचशा सारख्याच असतात. शोकेसमध्ये ठेवायला मॉडेल छान आहे, त्याबद्दल वाद नाही. इथे प्रश्न वेगळा आहे: टेरोसॉरचं नेमकं चित्र काढायचं असेल तर हे समोर ठेवून काम करता येतं का?

येतं, पण अर्धंच. धड, मान आणि डोकं थोड्या दुरुस्तीने कामाला येतात. पंख मात्र जसेच्या तसे उतरवले तर चित्र हमखास फसतं, आणि टेरोसॉरच्या चित्रात पंख फसले की उरतं काय?

आधी जमेची बाजू. जबड्यात दात नाहीत, हे बरोबर. टेरॅनोडॉनला दात नव्हतेच, तरी दातवाली मॉडेलं आजही सर्रास दिसतात. शेपूट आखूड ठेवली आहे, टोकाला पानासारखा पडदा असलेली लांब शेपूट चिकटवलेली नाही. ती ऱ्हॅम्फोरिंकसची, जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीत सापडणाऱ्या कितीतरी जुन्या प्राण्याची. धड डोक्याच्या मानाने लहान आहे. तुऱ्यासकट कवटी धडाहून लांब भरते, आणि ‘हे बेढब दिसतंय’ म्हणून डोकं लहान करण्याचा मोह मॉडेल बनवणाऱ्याने टाळला आहे. पाठही सरळ, ताठ आहे. खांद्यामागचे मणके एकमेकांत सांधलेले असल्यामुळे या प्राण्याची पाठ मांजरासारखी वाकत नसे.

आता पंख. टेरोसॉरचा पंख एका बोटावर तोललेला असतो. पहिली तीन बोटं लहान, नख्यांची, आणि चौथं बोट प्रचंड लांबलेलं. या पंखबोटात चार हाडं, टोकाला नख नाही. टेरॅनोडॉनमध्ये पंखाच्या एकूण लांबीचा निम्म्याहून जास्त भाग हे बोटच व्यापतं. त्याच्या अलीकडे तळहाताचं चौथं हाड, तेही लांबच लांब. कोपर ते मनगट या भागापेक्षा ते बरंच मोठं असतं. मॉडेलवर कॅलिपर लावला तर कोपर ते मनगट 32 मिलिमीटर आणि तळहात 26 मिलिमीटर भरतो. म्हणजे गुणोत्तर चक्क उलटं. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण प्राणी वटवाघळासारखा वाटायला लागतो, कारण मनगट फार बाहेर सरकतं आणि बोट आखूड पडतं.

दुसरी चूक पंखबोटाच्या वळणात. मॉडेलमध्ये संपूर्ण बोट धनुष्यासारखं एकसंध वाकवलं आहे. प्रत्यक्षात पहिलं हाड सर्वांत लांब, पुढची हाडं क्रमाने आखूड होत जातात आणि हाडं जवळजवळ सरळ असतात. वळण दिसतं ते सांध्यांपाशी, थोडं थोडं मागे कललेलं, आणि टोकाच्या आखूड हाडात किंचित बाक. त्या सांध्यांना हालचाल जवळपास नव्हती. पंख मिटायचा तो तळहात आणि पंखबोट यांच्यामधल्या मोठ्या सांध्यात. म्हणून चित्रात बोट मधूनच माणसाच्या बोटासारखं दुमडलं की ते चुकलंच समजा.

तिसरी चूक मनगटापाशी. तिथून टेरॉइड नावाचं एक बारीक हाड निघतं, फक्त टेरोसॉरमध्येच आढळणारं. ते मनगट आणि खांदा यांच्यामधला पुढचा लहान पडदा ताणून धरतं आणि त्याचं टोक खांद्याच्या दिशेने वळलेलं असतं. मॉडेलमध्ये ते काट्यासारखं पुढे काढलं आहे, आणि पुढचा पडदा तर नाहीच. दंडाच्या हाडावरून थेट हवा वाहतेय असा पंख त्यामुळे दिसतो. चित्रात हा पडदा काढायला विसरू नका. खांद्यापासून मनगटापर्यंतची कडा त्याने भरून येते आणि कोपराचा कोन बाहेरून तितकासा टोकदार दिसत नाही.

लहान बोटांची गोष्ट छोटी, पण नजरेत भरणारी. हाडांची संख्या पहिल्या बोटात 2, दुसऱ्यात 3, तिसऱ्यात 4. मॉडेलमध्ये तिन्ही बोटं एकाच लांबीची, एकाच साच्याची. पेन्सिल हातात असताना हे सुधारायला दोन मिनिटं लागतात. (टेरॅनोडॉनचा भाऊबंद निक्टोसॉरस काढत असाल तर ही बोटं काढूच नका, त्याने ती गमावलेली होती. टेरॅनोडॉनचं मॉडेल थोडं बदलून निक्टोसॉरस ‘करणारे’ इथेच पकडले जातात.)

पडद्याची जाडी हा या मॉडेलचा सर्वांत मोठा दोष, आणि तो साच्याचा नसून प्लास्टिकचा आहे. मोठ्या नराच्या पंखांचा सरासरी पसारा 5.6 मीटर धरला जातो. मॉडेल 40 सेंटिमीटरचं, म्हणजे प्रमाण 1:14. पडदा 2 मिलिमीटर जाड आहे. 14 ने गुणलं की 28 मिलिमीटर, जवळपास गादीच! इतक्या जाड प्लास्टिकमधून उजेड आरपार येत नाही. मागून ऊन आलेलं असताना पडदा उजळायला हवा आणि हाडं, धड काळसर दिसायला हवीत, तिथे सगळंच सपाट काळं होतं. त्यावर साच्यातल्या जाड सुरकुत्या, वटवाघळाच्या पंखातल्यासारख्या, बोटाबोटांतून फाकलेल्या. टेरोसॉरच्या पडद्यात केसासारखे बारीक ताठ तंतू असत. पंखाच्या टोकाकडे ते पंखबोटाला जवळपास समांतर आणि धडाकडे येताना तिरके होत जातात. या प्रमाणात ते दिसणारच नाहीत, म्हणून रेषांनी भरलेला पडदा काढण्यापेक्षा दिशा मनात ठेवून छटा मारलेली बरी.

यावर उपाय आहे आणि तो एका बैठकीत होतो. मॉडेलचे पंख खांद्यापाशी बारीक करवतीने कापा. कटरने कापू नका, भरीव पीव्हीसीत पातं अडकतं आणि सटकून हातावर येतं. कापलेल्या जागी 1.5 मिलिमीटरच्या भोकात तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार बसवा. हाडांची लांबी टेरॅनोडॉनच्या प्रकाशित मोजमापांतून घ्या आणि प्रमाणानुसार भागा. इथे एक पथ्य: सगळी मापं एकाच नमुन्याची घ्या. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या नायोब्रारा नावाच्या खडकाच्या थरात टेरॅनोडॉनचे हजाराहून अधिक नमुने मिळाले आहेत, पण बहुतेक अर्धवट आणि दाबून चपटे झालेले. एकाचा दंड आणि दुसऱ्याचं पंखबोट जोडलं तर अस्तित्वात नसलेला प्राणी तयार होतो. प्रत्येक सांध्यापाशी तारेवर रंगाचा ठिपका द्या. कोपर पूर्ण सरळ करू नका, उडतानाही तो थोडा मुडपलेला राहतो. वरून पाहिलं की कोपर मागे, मनगट पुढे आणि तिथून पंखबोट बाहेर-मागे, असा इंग्रजी M सारखा उथळ आकार दिसायला हवा.

पडद्यासाठी दोन गोष्टी चालतात. ट्रेसिंग पेपर उजेडासाठी उत्तम, पण ताणला जात नाही, त्यामुळे फुगवटा खोटा येतो. पातळ लेटेक्सचा हातमोजा कापून लावला तर ताण कुठून कुठे जातो ते लगेच कळतं. मात्र मागची कडा सुरळी होते आणि टोकाकडे चुण्या पडतात. खऱ्या प्राण्यात बाहेरच्या भागातले ताठ तंतू या चुण्या आवरत असणार, म्हणून त्या चित्रात उतरवू नका. पडदा मागे कुठवर न्यायचा? टेरॅनोडॉनच्या जीवाश्मात तो टिकलेला नाही. सॉर्डेस आणि जेहोलोप्टेरस या दुसऱ्या टेरोसॉरांच्या नमुन्यांत तो मागच्या पायापर्यंत, घोट्याच्या आसपास जाताना दिसतो. तोच आधार घ्या. मॉडेलमध्ये तो कमरेपाशी संपवला आहे, त्यामुळे मागचे पाय नुसते लोंबकळतात. मागची कडा सरळ कापू नका. टोकापासून घोट्यापर्यंत ती आत वळलेली ठेवा आणि टोक सुईसारखं न करता किंचित गोलसर ठेवा.

डोक्याकडे येऊ. वरची चोच खालच्या जबड्यापेक्षा पुढे गेलेली आणि किंचित वर वळलेली असायला हवी. मॉडेलमध्ये दोन्ही सारख्याच लांबीच्या. खालच्या टोकाला सॅंडपेपर मारला की काम होतं. जास्त त्रास देतो तो डोळ्यापुढचा खोल खड्डा. कवटीत नाकपुडी आणि तिच्यामागचं भोक एकत्र होऊन मोठी पोकळी झालेली असते. जिवंतपणी ती कातडीने झाकलेली असणार. मॉडेल बनवणाऱ्याने कवटीवर नुसती कातडी ताणली आहे, त्यामुळे प्राणी उपाशी, वाळलेला दिसतो. एपॉक्सी पुटीने तो खड्डा जवळपास सपाट भरा, हलकी खोलगट छटा उरली तरी पुरे. डोळा मात्र त्या पोकळीत सरकू देऊ नका. तो तिच्या मागच्या टोकाच्या वर बसतो.

मॉडेलचा तुरा लांब, मागे गेलेला, म्हणजे हा नर. मादीसाठी हेच मॉडेल लहान काढून चालत नाही: मादीचा पसारा सरासरी 3.8 मीटर, तुरा अगदीच आखूड आणि कमरेचं हाड रुंद. थव्याचं चित्र काढताना सगळ्यांना एकसारखे मोठे तुरे देणं ही नेहमीची चूक, आणि तिचं मूळ बहुधा अशाच मॉडेलमध्ये असतं.

रंगकाम तपकिरी, चकचकीत, अंगावर केसाचा लवलेश नाही. चकाकीमुळे फोटोत ओल्या कातडीसारखे पांढरे डाग उठतात. मॅट व्हार्निशचा एक हात द्या, किंवा सरळ राखाडी प्रायमर मारा. छाया-प्रकाश वाचायला राखाडीच सोयीचा. धडावर आणि मानेवर आखूड लव काढा. सॉर्डेसचं वर्णन 1971 मध्ये झालं तेव्हापासून टेरोसॉरच्या अंगावरच्या लवीचा पुरावा डोळ्यांसमोर आहे, तरी खेळण्यांपर्यंत तो पोचलेला नाही. ब्राझीलच्या टुपॅंडॅक्टिलस या टेरोसॉरच्या तुऱ्यात निरनिराळ्या आकाराचे रंगकण मिळाल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा तुरा रंगवताना हात अगदीच आखडता घ्यायचं कारण नाही. चोचीवर लव काढू नका.

फोटो काढताना प्रमाण विसरू नका. मॉडेलपासून 50 सेंटिमीटरवर कॅमेरा धरला तर तो खऱ्या प्राण्यापासून 7 मीटरवर उभं राहण्यासारखं होतं: जवळचा पंख राक्षसी आणि दूरचा चिमुकला. समुद्रावरून 30 मीटरवर जाणारा प्राणी हवा असेल तर कॅमेरा साधारण 2.1 मीटर मागे न्या आणि झूम वापरा. दिवाही तितकाच दूर ठेवा, नाहीतर सावल्या फाकतात आणि ऊन खोटं वाटतं.

याच संचात जमिनीवर उभं असलेलं दुसरं मॉडेलही मिळतं. ते घेऊ नका. त्यात प्राणी दोन पायांवर उभा आहे, पायाचा अंगठा पक्ष्यासारखा उलटा फिरवून फांदी पकडायला लावलं आहे आणि मिटलेली पंखबोटं खाली लोंबताहेत. टेरोसॉर जमिनीवर चारही पायांवर चालत. फ्रान्समधल्या क्रेसाकच्या पाऊलखुणांत मागच्या पायाचा पूर्ण तळवा टेकलेला दिसतो आणि हाताच्या ठशात फक्त तीन लहान बोटं, बाहेर आणि मागे वळलेली. पंखबोटाचा ठसा उमटत नाही, कारण ते मिटून वर, कोपराच्या मागे गेलेलं असतं. पकड घेणारा अंगठा तर त्यांना नव्हताच, त्यामुळे पायात मासा धरून उडणारा टेरॅनोडॉनही बाद. हे मॉडेल सुधारायचं म्हटलं तर चारही हातपाय, दोन्ही पंजे आणि खांद्याचा कोन बदलावा लागतो. तेवढ्या वेळात तारेचा सांगाडा नव्याने उभा राहतो.

उडणारं मॉडेल घ्यायचं ठरवलंत तर मोठ्या आकाराचं घ्या. 20 सेंटिमीटरच्या आवृत्तीत मान आणि धड एकजीव झालेलं आहे, खांद्यापाशी तार बसवायला जागा उरत नाही. आणि खोकं उघडल्यावर पंखांची टोकं वाकलेली निघाली तर परत पाठवायची घाई करू नका. ते पंख तसेही कापायचेच आहेत.