गुडघे टेकायला लावून ट्रायल घेणारे मास्तर (पापडी, वसई)

पापडीच्या बाजारात एक टेलर आहेत. दुकानाला पाटी नाही, सगळे ‘मास्तर’च म्हणतात. दोन मशिनी, एक कपाट आणि पडद्याआड ट्रायलपुरती जागा, एवढंच दुकान. गेली चार वर्षं मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचे आमच्या घरातले सगळे कपडे तिथेच शिवले जातात. ओळखीच्या बायका विचारत असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

मी त्यांच्याकडे पोचले ती थोरलीच्या कन्फर्मेशननंतर (बिशप पवित्र तेल लावून श्रद्धा दृढ करतात तो विधी). तिचा पांढरा ड्रेस आम्ही मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून तयार घेतला होता. महाग होता आणि आरशासमोर उभी राहिली की सुरेख दिसायचा. पण बिशपांसमोर तिने गुडघे टेकले आणि पाठीवरची चेन मधोमध उसवली. गॉडमदरने (धर्ममातेने) खांद्यावर हात ठेवायचा असतो. माझ्या बहिणीने एक हात खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चेनची दोन्ही टोकं धरून ठेवली. कपाळाला पवित्र तेल लागलं तेव्हाचं पोरीला काही आठवत नाही, आठवते ती फक्त चेन. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तक्रार घेऊन गेले तर दुकानवाले म्हणाले, ‘वापरलेला माल परत घेत नाही.’

दोन महिन्यांनी धाकटीचं पहिलं कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी) होतं. शेजारणीने मास्तरांचं नाव सांगितलं. माप घेण्याआधी त्यांनी विचारलं, ‘ताई, कुठे घालायचंय?’ चर्चला म्हटल्यावर कपाटामागून लाकडी पाट काढून बाजूला ठेवला. त्याचा उपयोग ट्रायलच्या दिवशी कळला. धाकटीला त्यांनी पाटावर गुडघे टेकायला लावले. ‘आता हात जोड. आता खाली वाक. आता उठ, हात न टेकता.’ उठताना फ्रॉकची कड तिच्या टाचेखाली आली. मास्तरांनी तिथेच खडूची खूण केली आणि कड दीड इंच वर घेतली. मग तिला दाराशी उन्हात उभं केलं आणि आम्हाला आत बोलावलं. कापडातून पाय दिसत होते. ‘आस्तर गुडघ्याच्या खालपर्यंत न्यावं लागेल,’ म्हणाले, आणि त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

मास्तर ख्रिस्ती नाहीत. पण वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडे वेदीसेवकांचे (मिस्सात फादरांना मदत करणाऱ्या मुलांचे) झगे शिवायला येतात, त्यामुळे मिस्सात कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, हे त्यांना पाठ आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात फादरांचा झगा जांभळा आणि पेंटेकॉस्टच्या सणाला लाल, हेही. मी रविवारी मिस्सात बायबलच्या वाचनाला उभी राहते. माझ्या ब्लाऊजची बाही त्यांनी मला पुस्तकाचं पान उलटल्यासारखा हात करायला लावून बेतली. आता मंचावर उभी असताना माझा हात पदराकडे जात नाही. संत पौलाचं पत्र वाचताना डोक्यात फक्त ते पत्रच असतं.

फ्रॉकची खरी कारागिरी आतून दिसते. घरी आणल्यावर मी तो उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंच्या शिवणींत बोटभर माया (जादा कापड) सोडलेली, कडेला आत चार बोटं कापड दुमडलेलं, आणि ते हाताने इतकं बारीक टाचलेलं की वरून एक टाका दिसत नाही. मशीनची टीप उसवली की पांढऱ्या कापडावर भोकांची ओळ राहते, म्हणून हातशिलाई. मागच्या वर्षी तोच फ्रॉक माझ्या भाचीला घातला. ती अंगाने भरलेली आहे. मास्तरांनी शिवण उसवून मायेतून फ्रॉक सैल केला, कड उतरवली, दीडशे रुपये घेतले. फ्रॉक नवा नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

इथे थोडं विषयांतर करते. चर्चला काय घालावं यावर आमच्याकडे बोलणं फार होतं आणि ते बहुतेक पोरींनाच ऐकावं लागतं. माझ्या आजीच्या काळी डोक्यावर पदर नसेल तर बाई आत पाऊल टाकत नसे. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात तसं कलमच होतं. १९८३ च्या कायद्यात ते उरलं नाही. आजी मात्र शेवटपर्यंत पदर घेऊनच बसायची, आणि तिच्याकडे पाहून मलाही कधी कधी घ्यावासा वाटतो. पण बाहीवरून एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर टोकायचं आणि मागच्या बाकावर हाफपँट घालून बसलेल्या मुलाला कोणी काही म्हणायचं नाही, हे मला पटत नाही. मास्तर अशा बाबतीत कोणालाही शिकवत नाहीत. पार्टीचा ड्रेस असेल तर सांगाल तसा गळा शिवून देतात. चर्चचा असेल तर पाट पुढे करतात, मग आपल्यालाच कळतं.

आणि कपडा भारी हवा असंही नाही. आमच्या सकाळच्या मिस्साला वाडीत पाणी लावून थेट येणारे एक गृहस्थ आहेत. सायकलच्या पिशवीत धुऊन घडी केलेला शर्ट असतो. नळावर पाय धुतात, शर्ट बदलतात, बटणं गळ्यापर्यंत लावतात आणि मग आत येतात. त्यांच्या एका शर्टाची कॉलर झिजली होती, ती मास्तरांनी उलटून लावून दिली. हे मी दुकानात बसले असताना पाहिलंय.

सुती सलवार कमीजही शिवतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवदर्शन (जतन केलेल्या शवाचं जाहीर दर्शन) होतं, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, तेव्हा आम्ही बस करून ओल्ड गोव्याला गेलो होतो. रात्रभर बसमध्ये, मग शव ठेवलं होतं त्या से कॅथेड्रल चर्चसाठी उन्हात रांग. अंगावर मास्तरांनी शिवलेला साधा पांढरा सुती ड्रेस होता. कुठे काचला नाही, खांद्यावरून ओढणी घसरली नाही, कारण त्यांनी आतून दोन बारीक लूप लावून दिले होते.

आता उणं काय ते. ट्रायलची जागा फार अरुंद आहे आणि आरसा एकच, तोही कंबरेपर्यंतच दाखवतो. पुरुषांची पँट शिवत नाहीत. दिलेली तारीख दोन दिवस पुढे जाते, हे धरूनच चाला. नाताळच्या ऑर्डरी एक डिसेंबरनंतर घेत नाहीत, कितीही विनवलं तरी. मागच्या वर्षी माझी जाऊ अशीच परत आली आणि मध्यरात्रीच्या मिस्साला जुनी साडी नेसली.

आस्तराच्या ब्लाऊजची शिलाई मला ५५० पडली, कम्युनियनच्या फ्रॉकची २,२००, कापड आपलं. ईस्टरला काही शिवायचं असेल तर राखेच्या बुधवारच्या (उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) आधी कापड नेऊन द्या. ट्रायलला जाताना चर्चला ज्या चपला घालणार त्याच घालून जा, कडेचं माप ते त्यावरूनच धरतात. सोमवारी दुकान बंद असतं.