पाहुणे पाळीने घ्यायचे की ज्याचे त्याने?

गावातल्या घरांत पाहुणे ठेवून पर्यटन आणायचं ठरलं की पहिला वाद याच प्रश्नावर होतो: पाहुणे घरोघरी पाळीने वाटायचे, की ज्याने त्याने आपापले मिळवायचे?

ज्याचं त्याने करणं सोपं. मालवण-तारकर्लीकडे बहुतेक तसंच चालतं. निर्णय लवकर होतात, जेवण आवडलं तर पाहुणा पुन्हा त्याच घरी येतो. पण सुरुवात कोण करतो? ज्याच्याकडे जादा खोली, चांगला संडास, रस्त्यालगत जागा आणि बँकेत पत आहे तो. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाचा लाभ शेतकरी म्हणून घ्यायचा, तर सातबारा हवाच. भूमिहीनाच्या वाट्याला उरतात भांडी आणि चादरी, त्याही हंगामापुरत्या.

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीने दुसरी वाट धरली. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला लोक येतात आणि कुणाकडे कोण जेवणार, हे पाळीने ठरतं. पैसा अनेक चुलींपर्यंत पोचतो. त्रासही आहे: एका घरचं कालवण झणझणीत, दुसऱ्याचं अळणी, आणि तक्रार मात्र अख्ख्या गावाच्या नावाने. शिवाय शहरातून पाहुणे आणणारा भागीदार लागतो, त्याचा वाटा वेगळा.

पण पाळी लावली म्हणजे समता आली, असं समजू नका. नेपाळमध्ये स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीत 1997 पासून पाहुणे घरोघरी वाटून दिले जातात. गाव मुख्यतः गुरुंग जमातीचं, निवृत्त गुरखा सैनिकांचं. पेन्शनमुळे घरं आधीच नीटनेटकी. स्वागताला पंचेबाजा, म्हणजे पारंपरिक वाद्यांचा ताफा, वाजतो आणि तो वाजवणारे परंपरेने दमाई, म्हणजे दलित. वाजवणाऱ्याच्या घरी पाहुणा मुक्कामाला जातो का, हे विचारल्याशिवाय पाळीचं कौतुक करू नये. आपल्याकडेही यादीत गावठाणाचीच नावं असतात, पलीकडच्या वस्तीची नसतात. कारण विचारलं तर उत्तर तयार: ‘त्यांच्याकडे संडास नाही.’

गाव लहान असेल आणि अजून कुणी धंदा सुरू केला नसेल, तर मी पाळीच्या बाजूने. फक्त पहिल्या हंगामाच्या पैशातून आधी वस्तीवरचे संडास बांधा. खोली नाही त्यांना जेवणाची पाळी द्या, वाटाड्याचं काम द्या. रस्त्यावरचं मोठं गाव असेल, चार-पाच जणांनी खोल्या बांधल्याही असतील, तर पाळीची जबरदस्ती टिकणार नाही. तिथे दर पाहुण्यामागे ठरावीक रक्कम गावनिधीत घ्या. दोन्हीकडे हिशोबाची वही बचत गटाकडे असावी, सरपंचाच्या पुतण्याकडे नको.