सुटी वचनं की अख्खा अध्याय?

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर चहा घेताना मंडळीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, यंदा बायबलचं पाठांतर करायचंच आहे. कार्डं घेऊन सुटी वचनं करू, की एखादा अध्यायच धरू?" ती नर्स आहे, पाळ्या बदलत्या, राहायला मुलुंडला. मी दोन्ही प्रकार करून बसलोय आणि एकात चांगलाच आपटलोय. तिला तेव्हा उभ्या उभ्या सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

सुट्या वचनांची सवय आपल्याला संडे स्कूलपासून असते. दर रविवारी एक सोनेरी वचन, वर्षाखेरीस बक्षीस. मोठ्यांसाठीही तयार संच मिळतात. नॅव्हिगेटर्स या ख्रिस्ती संस्थेचा विषयवार संच बराच प्रसिद्ध आहे. त्यात ६० वचनं आहेत, म्हणजे आठवड्याला दोन केली तर सात महिन्यांत संच संपतो. कार्ड खिशात मावतं आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने काढता येतं. खरा उपयोग मात्र दुसऱ्याजवळ बसल्यावर कळतो. घाबरलेल्या माणसाला आपण अख्खा अध्याय म्हणून दाखवत नाही, त्याला एकच ओळ पुरते.

माझं आपटणंही इथलंच. लहानपणी ५० वचनं धडाधड म्हणून मी बक्षीस मिळवलं आणि पावसाळा संपेपर्यंत बहुतेकांचे पहिले चार शब्द आणि ओवीचा, म्हणजे वचनाचा, आकडा एवढंच डोक्यात उरलं. मालच नाही, नुसती पावती!

त्याहून मोठी अडचण संदर्भाची. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे वचन दहावी-बारावीच्या मोसमात घरोघरी फिरतं. ते फिलिप्पैकरांस पत्रात, चौथ्या अध्यायाच्या १३व्या ओवीत आहे. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो, आणि त्याच्या लगेच आधी म्हणतो की तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही मी शिकलो आहे. म्हणजे बोलणं यशाचं नाही, तग धरण्याचं आहे. 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत' असं सांगणाऱ्या यिर्मया २९:११ चंही तेच. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदी म्हणून नेलेल्या लोकांना धाडलेल्या पत्रातली ती ओळ आहे आणि तिच्या आधीच्याच ओवीत ७० वर्षं थांबायला सांगितलं आहे. शुभेच्छांच्या कार्डावर ती ७० वर्षं कुणी छापत नाही.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूला मोहात पाडताना सैतानही स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो. येशूची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, एकाच सलग भाषणातली. पाठांतर कसं असावं याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. आणि ओव्यांचे आकडे तरी कुठे पौलाने घातले होते? नव्या करारातले आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या १५५१ च्या ग्रीक आवृत्तीतून आले.

म्हणून माझा कौल सलग उताऱ्याला. त्यात एक वाक्य पुढच्याचा हात धरून येतं. स्तोत्र २३ च्या सहा ओव्या आहेत, आणि घाटकोपरपासून दादरपर्यंत स्लो लोकलची स्टेशनंही सहाच. घाटकोपरला मेंढपाळ, विद्याविहारला हिरवी कुरणं, कुर्ल्याला नीतिमार्ग, आणि शीवला मृत्युछायेची दरी. तिथे बाहेर महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे, त्यामुळे ती ओवी मी कधी विसरत नाही. (इंग्रजी पाटीवरचं Sion पाहिलं तर शीवमध्ये बायबलमधला सियोन डोंगरही सापडतो, पण तो आपला गमतीचा भाग.) असं रोज म्हणता म्हणता एक दिवस लक्षात आलं, की कुर्ल्यापर्यंत स्तोत्रकर्ता दावीद देवाविषयी बोलतो: तो मला नेतो, तो करतो. शीवला, दरीत शिरताक्षणी, 'तो'चा 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस. चौथी ओवी मला लहानपणापासून सुटी पाठ होती, पण हे वळण कधी दिसलंच नव्हतं. माटुंग्याला ताट आणि तेल. दादरच्या रेटारेटीत 'परमेश्वराच्या घरात मी चिरकाल राहीन' म्हणताना थोडं हसू येतं.

या रीतीचे तोटेही आहेत. मधलंच वाक्य हवं असलं तर पुष्कळदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. चार दिवस खंड पडला की साखळी तुटते. फिलिप्पैकरांस पत्राच्या १०४ ओव्या आहेत. रोज एक म्हटली तरी उजळणी धरून पाच-सहा महिने जातात. आणि उत्साहाच्या भरात स्तोत्र ११९ ला हात घालू नका. १७६ ओव्या! मुळात ते हिब्रूच्या २२ अक्षरांवर, दर अक्षराला आठ ओव्या असं बांधलेलं आहे. मराठीत तो आधार उरत नाही.

कोणतीही रीत घ्या, भाषांतर आधी ठरवा. पंडिता रमाबाईंनी १९२२ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, पुरं केलेलं भाषांतर साध्या माणसांसाठी होतं. मंडळीत वाचलं जातं ते वेगळं, मोबाइलवर रोज येतं ते आणखी तिसरंच असू शकतं. दोन भाषांतरं मिसळली की जीभ नेमकी जोडावर अडखळते. मी तरी मंडळीत कानावर पडतं तेच धरतो, कारण त्याची उजळणी दर रविवारी फुकट होते.

गाऊन पाठ करणं हा तिसरा रस्ता आहे. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य खऱ्याखुऱ्या ओव्यांत छापलं ते उगीच नव्हे. पण चालीत बसवताना शब्द हलतात, तेव्हा नेमके शब्द हवे असतील तर नुसत्या गाण्यावर विसंबू नका.

त्या मुलीला मी सांगितलं: आधी स्तोत्र २३, मग आठ ओव्यांचं १२१, आणि त्यानंतर फिलिप्पै. सुटी वचनं पाच-सहाच ठेव, रुग्णाने स्वतःहून मागितली तर म्हणायला, आणि प्रत्येकाच्या मागची-पुढची ओवी एकदा वाचलेली असू दे. आठवड्यातून एक दिवस नवीन काही नको, फक्त जुनं.

परवा तिचा मेसेज आला: "काका, आज फास्ट मिळाली. विद्याविहार, शीव, माटुंगा आलंच नाही. दुसरी, चौथी, पाचवी कुठे म्हणू?"