कविता वर्गात शिकवायची, ग्रुपवर पाठवायची की यूट्यूबवर टाकायची?

कुसुमाग्रजांची अख्खी कविता फळ्यावर लिहून शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही. तीच कविता पूर्ण वाचून तासाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा, तर लागते. ऐकणारे कोण, यावर हे ठरतं.

वर्गात शिक्षकाला भरपूर मोकळीक आहे. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२नुसार शिकवण्यासाठी प्रत काढता येते, प्रश्नपत्रिकेत उतारा देता येतो. समोर संस्थेतले शिक्षक, विद्यार्थी आणि त्यांचे पालक एवढेच असतील तर चित्रपटही दाखवता येतो. झेरॉक्सचं काय? दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानावर प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, की पानांची ठरावीक मर्यादा नाही; शिकवण्यासाठी मजकुराची गरज किती, ते पाहायचं. तरी हयात लेखकाचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करू नये, असं मला मनापासून वाटतं. ते ग्रंथालयासाठी विकत घ्यावं.

ग्रुपचं प्रकरण मधलं. लॉगिन लागणारा, फक्त आपल्या विद्यार्थ्यांचा ऑनलाइन वर्ग वर्गखोलीच्या जवळचा मानता येतो, पण कायद्यात ते तितकं स्पष्ट लिहिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ मात्र संध्याकाळपर्यंत भलत्याच ग्रुपवर पोचते. म्हणून फाइलपेक्षा अधिकृत लिंक बरी.

यूट्यूबवर वर्गाची सवलत विसरा. तिथे समीक्षेपुरत्या चार ओळी घ्या आणि त्यांवर खरोखर बोला. नाहीतर जुन्या साहित्याकडे वळा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. बालकवी १९१८ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. दोघांचं लेखन हक्काने पूर्ण वाचा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी २०५९ संपेपर्यंत थांबावं लागेल.

इथे अनेक शिक्षक फसतात: बालकवींचे शब्द खुले असले, तरी त्यांना नंतर लावलेली चाल आणि गायिकेचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. यूट्यूबची यंत्रणा तो आवाज लगेच ओळखते, तुम्ही शिक्षक आहात हे तिला कळत नाही. कविता स्वतःच्या आवाजात वाचा.

वर्गात आणि यूट्यूबवर अशा दोन्हीकडे शिकवत असाल तर वर्गात चित्रपटाचा तुकडा खुशाल दाखवा, फक्त तेवढा वेळ रेकॉर्डिंग बंद ठेवा.