इनडोअर सायकलिंगचा ग्रुप क्लास: तीन महिने केल्यावर लिहितेय

आधीच सांगते, एका जागी बसवलेल्या सायकलवर गाण्याच्या ठेक्यात पाय मारायचा हा माझा दुसरा क्लास. पहिला मी चार सेशनमध्ये सोडला आणि नंतर वर्षभर या प्रकाराचं नावही काढलं नाही, त्यामुळे आत्ताच्या क्लासबद्दल मी जे चांगलं लिहितेय ते कशाच्या तुलनेत लिहितेय हे मला पक्कं माहितीये.

त्या पहिल्या ठिकाणचं नाव नाही घेत. पोचले तर लाईट बंद, स्पीकर फुल, आधी बसून गेलेल्या कोणाची तरी सीट तशीच खाली, आणि कोच समोर स्वतःचंच वर्कआउट करत होते, माईकवरून फक्त 'अजून फास्ट, अजून फास्ट'. दम लागला म्हणून मी पाय थांबवले तर पेडल थांबलंच नाही, फिरत आलं आणि सरळ पोटरीवर बसलं. नंतर कळलं की बऱ्याच स्टुडिओ सायकलींमध्ये जड चाक (फ्लायव्हील) थेट पेडलला जोडलेलं असतं, रस्त्यावरच्या सायकलीसारखे पाय मोकळे सोडता येत नाहीत, थांबायचं तर वेग हळूहळू कमी करायचा किंवा नॉब खाली दाबून ब्रेक मारायचा. एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर बास होतं. चौथ्या दिवशी जिना उतरताना गुडघा धरला आणि मी जाणं बंद केलं.

आताच्या ठिकाणी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर बोलावलं होतं. सरांनी सगळ्यात आधी ब्रेक दाखवला, मग सायकलच्या शेजारी उभं करून सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला लावली, मग वर बसवून पाय पूर्ण खाली गेल्यावर गुडघ्यात थोडासा बाक राहतोय ना ते बघितलं (साधारण २५ ते ३५ अंश म्हणाले). नंतर दोन्ही पेडल आडवी धरायला लावली, पुढचा गुडघा पेडलच्या मधोमध वर येतोय का ते बघून सीट एक खाच मागे. हँडल सीटपेक्षा जरा उंच, नवीन माणसाच्या पाठीला बरं पडतं म्हणून. आणि मग म्हणाले, आता हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. सीट ७, मागे-पुढे ४, हँडल ८. तेव्हापासून कुठलीही सायकल मिळाली तरी दोन मिनिटांत माझी होते आणि गुडघ्याने परत तक्रार केलेली नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मजा का येते. मला आधी वाटायचं गाणी भारी असली की क्लास भारी. गाणी लागतातच, पण त्या गाण्याच्या ठेक्यावर पाय बसले पाहिजेत, नाहीतर गाणं एकीकडे आणि आपण एकीकडे. सरांनी एकदा हिशोब समजावला तो मला फार आवडला. मिनिटाला १२८ ठोके असलेलं गाणं असेल आणि प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली गेला तर पेडलचे फेरे होतात ६४, म्हणजे चढणीचा वेग (चढण म्हणजे नॉब फिरवून पेडल जड करायचं). ९० ठोक्यांचं गाणं घेतलं आणि एका ठोक्याला एक पूर्ण फेरा धरला तर ९०, म्हणजे सपाट रस्ता. चढणीला ६० ते ८०, सपाटीला ८० ते ११०, या हद्दीतच ते आम्हाला ठेवतात. ११० च्या वर, रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) न लावता नुसते पाय फिरवले तर माणूस सीटवर उडायला लागतो, आणि पहिल्या क्लासमध्ये माझं नेमकं तेच होत होतं. आता मी स्वतःच मोजते, उजवा गुडघा पंधरा सेकंदात किती वेळा वर आला, १६ आला की चौकं ६४, बरोब्बर ठेक्यावर. आणि तो क्षण असा असतो ना की अख्ख्या खोलीतले पंचवीस उजवे गुडघे एकदम वर येतात, अंगावर काटा येतो खरंच!

दुसरं म्हणजे पुढे काय येणार ते आधी सांगतात. 'ही चढण साडेतीन मिनिटांची, दुसरं कडवं संपलं की उभं राहायचं, शेवटी तीस सेकंद जोर, मग एक मिनिट आराम.' शेवट कुठे आहे हे कळलं की पाय भरून आले तरी माणूस टिकतो. पहिल्या ठिकाणी 'शेवटचे दहा सेकंद' म्हणायचे आणि ते संपले की परत दहा, दोनदा तसं झाल्यावर मी त्या शब्दांवर विश्वास ठेवणं सोडलं होतं.

आणि 'नॉब दोन आटे फिरवा' असं सर कधीच म्हणत नाहीत, कारण प्रत्येक सायकलचा नॉब वेगळा आणि प्रत्येकाचे पायही वेगळे. ते म्हणतात 'दहापैकी सातवर या', आणि सात म्हणजे काय तर तुटक तुटक दोन-चार शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत. त्यामुळे माझ्या शेजारची कॉलेजची मुलगी आणि मी दोघीही सातवर असतो, रेझिस्टन्स तिचा वेगळा माझा वेगळा, पण कष्ट सारखेच, एकत्र धापा टाकतो आणि एकत्र उतरतो. माझ्या मते ग्रुप क्लासचं सगळं मर्म इथेच आहे.

भिंतीवर स्क्रीन आहे, त्यावर नंबर लावायचे. पहिले दोन आठवडे रोज चालू असायची आणि शेवटच्या चारात नाव दिसलं की काही जण यायचेच बंद झाले, हे आम्ही बोललो आणि सरांनी ऐकलं. आता रोजची यादी बंद. त्याऐवजी कधीकधी रिले असते, एक रांग तीस सेकंद जीव तोडून मारते तेव्हा दुसरी रांग दम खाते आणि ओरडून साथ देते, मग उलट. शेवटी दोन्ही रांगांचा आकडा एकत्र मोजतात. ज्यांना आकडे आवडतात त्यांना आकडे मिळतात आणि कोणी एकटं पडत नाही.

एक प्रसंग सांगते. तिसऱ्या रांगेत एक काका आहेत, गुडघ्याला कॅप, ते कधीच उभे राहत नाहीत. 'उभं राहायचं किंवा बसूनच एक पायरी वाढवायची' हे सर नेहमी एकाच दमात म्हणतात, त्यामुळे बसून राहणारा मागे पडलाय असं वाटतच नाही. परवा चौथ्या चढणीला सर स्वतःच्या सायकलवरून उतरले, चालत काकांपर्यंत गेले, माईक बंद केला आणि हळूच काहीतरी बोलले. काकांनी मान हलवली आणि नॉब कमी केला, बस. मी मागेच होते म्हणून दिसलं, बाकी कोणाला कळलंही नाही.

नवीन माणसाला ते पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी उतरायला सांगतात, कितीही उत्साह असला तरी. कारणही सांगतात. सवय नसताना पहिल्याच वेळी मांड्यांना अती ताण दिला तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले पदार्थ रक्तात उतरतात, किडनीवर येऊ शकतं, रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. क्लासनंतरच्या एकदोन दिवसांत पाय भयंकर सुजले, दुखले किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली तर वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टर. हे घाबरवायला नाही लिहीत, पण हे बोलणारा कोच असेल तिथेच जा असं मनापासून सांगेन.

जाता जाता, या प्रकाराची सुरुवात जॉनी गोल्डबर्ग म्हणजे जॉनी जी या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या सायकलपटूने १९८० च्या दशकात अमेरिकेत केली, लांब पल्ल्याच्या शर्यतीचा सराव घरात करता यावा म्हणून. या प्रकाराला बरेच जण स्पिनिंग म्हणतात, पण तो शब्द ट्रेडमार्क आहे, म्हणून बाकी ठिकाणी इनडोअर सायकलिंग लिहिलेलं दिसतं.

तक्रारी आहेत. आवाज अजूनही जास्त आहे. मी फोनवर मोजला तर पुढच्या रांगेत ९७ डेसिबलच्या आसपास. फोनचा आकडा अगदी काटेकोर नसतो हे मान्य, पण कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायोश संस्थेची शिफारस ८५ ला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९७ ला अर्धाच तास, आणि आमचा क्लास पाऊण तासाचा. बोलल्यावर दाराशी इअरप्लगचा डबा आला आणि सूचना देताना गाणं कमी होतं, पण स्पीकर अजून तिथेच. पंखे फक्त दोन कोपऱ्यांत, मधल्यांना वारा नाही. सीट पहिले दोन आठवडे बोचते, पॅडवाली शॉर्ट्स घ्या, जेलचं कव्हर सरकतं ते घेऊ नका.

कूलडाउन मात्र पूर्ण पाच मिनिटं असतो, लाईट हळूहळू लागतात आणि कोणी मध्येच उतरत नाही. जोर मारून एकदम थांबलं तर रक्त पायांतच साचून चक्कर येऊ शकते म्हणून सर पाय चालूच ठेवायला लावतात, आणि तेवढ्यात एकेकाला नावाने विचारतात आज काय जड गेलं. मी काल म्हटलं तिसरी चढण, तर उद्या ती आधी घेतो म्हणाले.

पहिल्यांदा जाणार असाल तर दुसऱ्या रांगेतली कडेची सायकल घ्या, पंखा मिळतो, कोच नीट दिसतात आणि स्पीकर जरा लांब राहतो.