‘ज्या’ की ‘साइन’?

फोंड्यात दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती शिकवताना मी फळ्यावर कंस काढतो, त्याची टोके रेषेने जोडतो, आणि धनुष्य व त्याची दोरी, म्हणजेच ‘ज्या’, डोळ्यांसमोर उभी राहते. आर्यभटाने 499 साली याच दोरीच्या अर्ध्या भागाचे कोष्टक दिले.

त्रिकोणमितीतली ‘साइन’ (sin) हीसुद्धा ‘ज्या’चीच लेक. ‘ज्या’चेच दुसरे नाव ‘जीवा’; त्याचे अरबीत ‘जिबा’ झाले, परंतु स्वरचिन्हांशिवाय लिहिलेला तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची चुणी (हिंदीतली ‘जेब’ इथलीच), असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले.

पुढील शिक्षणासाठी ‘साइन’ अटळ आहे; अर्थ मात्र ‘ज्या’च सांगते, म्हणून मी आधी तीच शिकवतो.