तंबोरा: दुकानातला आणि घरपोच आलेला

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा ज्या बडोद्यात सुरू झाली, तिथेही आता अनेक विद्यार्थी पहिले वाद्य फोनवरूनच मागवतात. तारांचा संच किंवा पेटीचे कव्हर यांसारख्या ठरीव मालासाठी ते योग्यच आहे, कारण दहा विक्रेत्यांचे दर एका बैठकीत ताडून पाहता येतात. ध्वनिमुद्रणांचेही तसेच, मुंबईचे ऱ्हिदम हाऊस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६ साली बंद झाले, पण गाणे खिशात राहिले.

तंबोऱ्याचे मात्र निराळे आहे. दुकानात आपण काळी चार अशी आपली पट्टी सांगतो, कारागीर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी हलकेच घासतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि बोथट वाटणारा षड्ज एकाएकी भरून येतो. खोक्यातून आलेल्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडी-दोऱ्याने साधलेला तारेचा हा भरीव नाद, वाटेतल्या धक्क्यांनी आणि हवेने बिघडली, तर ती कोण लावणार? मी मागवलेल्या तंबोऱ्याची घोडी तिरकी निघाली. सात दिवसांच्या मुदतीत तो भलामोठा भोपळा पुन्हा बांधणे जमले नाही, आणि दरात वाचलेले पैसे (फार नव्हतेच) अखेर जवारी लावून घेण्यात गेले.